वीतभर अडलेलं शटर

दुपारचे चार वाजत आले की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. पहिल्या दिवशी पाच-सहा जोड होते. आज ढीग दोन पायऱ्या खाली उतरला होता आणि येणारी माणसं कठड्याला धरून, पाय टाकायला जागा शोधत आत शिरत होती. आतल्या खोलीत पलंगावर, खुर्च्यांवर, कपाटाला टेकून, जमेल तिथे लोक बसले होते. सगळ्यांच्या माना पश्चिमेच्या मोठ्या खिडकीकडे वळलेल्या. खिडकीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, मोटारीवर चालणारं शटर होतं आणि ते मधोमध अडकून बसलं होतं.

"बटण वरच्या बाजूला दाबलेलंच राहू द्या," उजेडबाबा म्हणाले. "कुणी हात लावू नका. यंत्राला हुकूम मिळालेला आहे. कमी पडतेय ती शक्ती. ती आपण द्यायची. डोळे मिटा."

बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दाढी नाही, माळा नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, लांब बाह्या आणि मनगटाशी लावलेली बटणं. "बाबा असून किती साधे," असं पहिल्याच भेटीत जो तो म्हणायचा, आणि बाबांचं निम्मं काम तिथेच होऊन जायचं.

"जड म्हणजे काय? थिजलेला प्रकाश. मोटार म्हणजे काय? गुंडाळलेला प्रकाश. डोळा म्हणजे काय? अडलेला प्रकाश. सगळं एकच आहे, फक्त कंपनं वेगळी. म्हणा माझ्याबरोबर: उजेड यावा, पडदा जावा, आतला दिवा बाहेर यावा."

खोली म्हणू लागली. वरच्या मजल्यावरची काकू सगळ्यात मोठ्याने, तळमजल्यावरचा शिंपी अर्धा शब्द मागे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, घामाने पाठी ओल्या झाल्या. बाबांचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि तो अगदी टिपेला पोचला तेव्हा खिडकीवरच्या पेटीतून घरघर आली. शटर आपोआप वर चढू लागलं. कुणी हात लावला नव्हता, कुणी जागचं हललं नव्हतं. उन्हाची पट्टी फरशीवर रुंद होत गेली, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावले, आणि वरच्या चौकटीपासून वीतभर अलीकडे शटर पुन्हा थांबलं.

"आज वीतभर राहिलं. काल दीड वीत होतं," बाबांनी सांगितलं आणि उठून स्वतःच्या हाताने बटण मधे आणून ठेवलं. "आजचं एवढंच."

काल दीड वीत होतं हे कुणी मोजलं होतं? कुणीच नाही. पण खोलीभर माना हलल्या.

दाराशी उभी असलेली काटेबाई मात्र या वाक्याने चिडली. ती या घरातली मुलगी. दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारण्याच्या कार्यालयात ती नोकरीला होती, म्हणून अख्खी इमारत तिला काटेबाई म्हणायची. न मोजता आकडा सांगणाऱ्या माणसाचा तिला धंद्यानेच राग होता. तरी खोटं कशाला बोला, घरघर ऐकून तिच्याही अंगावर शहारा आला होता. तिनेही सगळ्यांबरोबर डोळे मिटले होते, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

हे शटर घरात आणलं होतं तिनेच. आईने तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं; बोटं आखडली आणि शटरचा पट्टा ओढणं जमेना. त्यात काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर आत आत जळत चालली होती, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन तर तिला सुईसारखं टोचायचं. मग काटेबाईने मोटारीचं शटर बसवलं, भिंतीत बटणामागे, फोनवरून मोटार चालवणारी एक हुशार डबी बसवली आणि फोनवर ॲप घेतलं. आईने नुसतं बोट लावायचं, किंवा मुलीने ऑफिसातून उघडायचं. कल्पना झकास होती. शटर बसवणारा तासभर ते वर-खाली करून दाखवत राहिला, पैसे घेऊन गेला, आणि त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडून दिलं.

राहिली होती फक्त मोजणी. शटरला वर जायला किती सेकंद लागतात आणि खाली यायला किती, हे डबीने एकदा मोजून लक्षात ठेवायचं असतं. मग 'अर्धं उघड' म्हटलं की ती तेवढे सेकंद मोटार चालवते. मोजणी झालीच नाही, तर शटर कुठे आहे हे डबीला कळत नाही. बटण दाबलेलं आहे तोवर ती मुकाट वीज सोडत राहते. काम पाच मिनिटांचं. काटेबाई पंधरा दिवस ते करत होती.

"मॅडम, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो," हेल्पलाइनवरचा आवाज रोज संध्याकाळी सांगायचा. "आधी शटर तीन वेळा पूर्ण वर-खाली करून घ्या."

"केलं."

"आता ॲपवर मोजणी सुरू करा."

"केली. अर्ध्यात थांबलं. 'मोजणी अपूर्ण' लिहून आलंय."

"काही हरकत नाही मॅडम, पुन्हा पहिल्यापासून करू. शटर तीन वेळा पूर्ण वर-खाली..."

तिसऱ्या खेपेला तर मोटार मेल्यासारखी गप्प व्हायची. काटेबाईने डबी बदलून घेतली, वायफाय बदललं, फोन पुसून कोरा केला. एकदा तिने चक्क आवाज चढवला, तेव्हा पलीकडच्याने तिचा राग वरिष्ठांना कळवण्यासाठी एक दाबायला सांगितलं. जी बाई दिवसभर लोकांची मापं बरोबर करते तिच्या घरचं शटर तिला जुमानत नव्हतं, आणि आई बाजूला बसून हे सगळं ऐकत होती.

अशाच एका दुपारी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, उजेडबाबांना घेऊन आली. मुलगी ऑफिसात होती. बाबांनी शटर बघितलं, पेटीला कान लावला, बटण चालवून पाहिलं आणि विचारलं, "डोळ्यांचा त्रास आणि शटरचा त्रास एकाच सुमाराचा का हो, आई?" आईला वाटलं, खरंच की. तिथून सगळं सुरू झालं. तीन वेळा चौकटीला टेकू न देता वर, तीन वेळा खाली, याला बाबा 'आवाहन' म्हणत; पूर्ण उघडणं जपानेच व्हायला हवं होतं. चौथ्या वेळी शटर अडायचं. मग जप, मग चमत्कार. एरवी बटणाला हात लावायचा नाही, पूर्ण उघडण्याची वाट पाहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं:

"ज्या दिवशी हे शटर पूर्ण उघडेल, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांवरचा पडदाही उघडेल. तोवर डोळ्याला शस्त्र लागू देऊ नका. मधे शस्त्र आलं तर प्रकाश परत फिरतो."

आईने काचबिंदूच्या ऑपरेशनची पहिली तारीख चुकवली. "सर्दी झाली," असं दवाखान्यात कळवून टाकलं. काटेबाईला हे नंतर कळलं, आणि थेंबांची बाटली हलवून बघितली तेव्हा तीही भरलेली निघाली.

"आई, थेंब टाकत नाहीयेस?"

"बाबा म्हणाले, रसायन आणि प्रकाश एका जागी राहत नाहीत."

"अगं, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. जी उरलीय ती वाचवायची, एवढंच हातात आहे. रोज थोडी थोडी जातेय."

"तुझं ते शटर पंधरा दिवसांत हललं का तुझ्याच्याने?" आई शांतपणे म्हणाली. "त्यांच्या शब्दाने हललं. मी ऐकलं माझ्या कानांनी."

काटेबाईने डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून दुसरी तारीख मिळवली: येत्या बुधवारी सकाळी आठ. "यानंतर उशीर केलात तर ऑपरेशन करून उपयोग किती, मी सांगू शकणार नाही," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आणि आईचं एकच पालुपद होतं. शटर पूर्ण उघडल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही.

शनिवारी एक बेकरीवाला काटा घेऊन कार्यालयात आला. गाडीच्या मागच्या डिकीत उन्हात तापलेला काटा त्याने टेबलावर आदळला.

"जरा लगेच बघा ना मॅडम, दुकान नोकरावर टाकून आलोय."

"अर्धा तास राहू दे इथेच," मान वर न करता काटेबाई म्हणाली. "तापलेल्या काट्याचं माप घेत नाही आम्ही. खोलीइतका निवू दे."

"एकदा बघून तर घ्या. चुकलं तर पुन्हा बघा."

"शंभरदा बघितलं तरी चुकीचंच येईल. उलट..."

वाक्य तिथेच राहिलं. बेकरीवाला तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हे वाक्य ती रोज पाच जणांना ऐकवायची, आणि घरी पंधरा दिवस तीन वेळा वर, तीन वेळा खाली, पुन्हा पहिल्यापासून, हेल्पलाइन सांगेल तसं निमूटपणे करत होती. कुणीतरी सांगितलं म्हणून करायचं, नाही झालं तर तेच पुन्हा करायचं. आज तिची आई बाबांच्या सांगण्यावरून हेच करत होती आणि आधी ती स्वतः हेल्पलाइनच्या. फरक एवढाच की बाबा निदान मधे अठरा-वीस मिनिटं थांबत होते.

घरी येऊन तिने शटरचं खोकं उपसलं. डबीची पुस्तिका तिला पाठ झाली होती. मोटारीचा कागद मात्र शटरवाल्याने घडीही न उलगडता तळाशी टाकला होता. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सलग चार मिनिटांहून अधिक चालवू नये; तापल्यास मोटार आपोआप बंद होईल; निवल्यावर आपोआप चालू होईल. काटेबाईने कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी सकाळी आई अंघोळीला गेल्यावर तिने बटण वर दाबलं. रात्रभर निवलेलं शटर एका दमात सरसर चढलं आणि वरच्या चौकटीला टेकून थांबलं. पूर्ण. क्षणभर तिला नाचावंसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तोंडचं पाणी पळालं. आईने हे पाहिलं तर? शटर पूर्ण उघडलं म्हणजे बाबांच्या हिशेबाने डोळे बरे झाले. मग कसलं ऑपरेशन आणि कसले थेंब. शटर अडलं तर आई वाट बघत बसणार, आणि उघडलं तर बरी झाले म्हणून बसणार. बाबांनी दोन्हीकडून दार लावून घेतलं होतं. तिने घाईघाईने शटर खाली आणलं आणि न्हाणीघरातलं पाणी थांबायच्या आत बटण मधे ठेवलं.

मोजणी करून टाकायचा मोह तिने आवरला. दुरुस्त केलेल्या शटरचा इथे काही उपयोग नव्हता. ते का अडत होतं हे आईला पटायला हवं होतं. कागद तिने वाचून दाखवला.

"कागदावर काय, काहीही छापतात," आई म्हणाली. "त्या फोनवाल्याकडेही कागदच होते ना?"

काटेबाईने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

सोमवारी तिने पुन्हा अर्धी रजा टाकली. बाबांनी "डोळे मिटा" म्हटल्यावर सगळे मिटले, तिने मिटले नाहीत. अख्ख्या खोलीत दोनच माणसांचे डोळे उघडे होते. दुसरा माणूस डाव्या मनगटाचं बटण सोडून बाहीखालचं घड्याळ बघत होता. सोळाव्या मिनिटाला त्याने बाही खाली केली आणि आवाज चढवायला घेतला. अठराव्याला शटर हललं. वीतभर अलीकडे थांबलं, की लगबगीने उठून बटण मधे. काटेबाई ते बटणाकडे जाणारं बोट बघत राहिली, आणि उरलेला उलगडाही तिला झाला.

मंगळवारी चपलांचा ढीग दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. उद्या ऑपरेशन आहे आणि काटेबाई आईला ओढून नेणार आहे, ही बातमी काकूने इमारतभर केली होती. तीन वेळा वर, तीन वेळा खाली झालं. चौथ्या वेळी शटर मधोमध अडलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत काटेबाई पुढे आली.

"आई, तुझ्याशी एक ठरवायचंय. सगळ्यांच्या समोर." तिने दाराकडे बोट केलं. "आज बाबा बाहेर जिन्यात बसतील. जप कुणी करणार नाही. तरीही शटर हललं, तर तू उद्या माझ्याबरोबर येशील. नाही हललं, तर मी स्वतः डॉक्टरांना फोन करून तारीख रद्द करेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

मावशी उसळली. "ताई, ऐकू नकोस हिचं. डोळ्यांशी कसली पैज लावतेस गं?"

"अश्रद्धेची कंपनं फार जड असतात," बाबा हसत म्हणाले. "माझी हरकत नाही. पण आईंच्या डोळ्यांना अपाय झाला तर जबाबदार कोण?"

"मी," काटेबाई म्हणाली.

आईने बाबांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "दादा, तुम्ही बसा थोडा वेळ बाहेर. शक्ती खरी असेल तर पोरीच्या हट्टाने कुठे जाणार आहे?"

बाबा उठले. उठता उठता त्यांनी बटणाकडे हात नेला. "राहू द्या तसंच," काटेबाई म्हणाली. "रोज तुम्हीच सांगता ना, हात लावायचा नाही म्हणून." खोलीत दोन-चार जण हसले, आणि बाबांचा हात खाली आला.

दार लावलं. आता करायचं काय? बावीस माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. जपाची सवय झालेल्या जिभा वळवळत होत्या.

"काहीही बोला," काटेबाई म्हणाली. "उजेड सोडून."

शिंप्याने सुरुवात केली. त्याच्या एका गिऱ्हाइकाची कंबर दर महिन्याला बदलायची आणि दोष शिंप्याला मिळायचा. मग काकू नवऱ्याच्या घोरण्यावर घसरली. नवरा तिथेच बसला होता, त्याने ते खोटं असल्याचं सांगितलं, आणि त्यांच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूने, भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं म्हणून, खरं असल्याची साक्ष दिली. दहा मिनिटं झाली. काटेबाई पेटीकडे बघत होती. आज ऊन जास्त होतं, मोटार निवायला वेळ लागला तर? कागदावर मिनिटं लिहिलेली नव्हती. पंधरा मिनिटं झाली. मावशी "मी म्हटलं नव्हतं" अशा चेहऱ्याने बसली होती. अठरा झाली. काही नाही. आईने पदराने हात पुसले. विसाव्या मिनिटाला काकूचा नवरा आपल्या आईच्या घोरण्याबद्दल काहीतरी सांगत असताना पेटीतून घरघर आली आणि शटर चढू लागलं.

शटर चढलं आणि वीतभर अलीकडे थांबलं.

"पण पूर्ण नाही ना उघडलं," मावशी हळूच म्हणाली.

"बटण असंच राहू दे," काटेबाई म्हणाली. "आई, तू ये इकडे. तुला दिसायची गरज नाही, हात लाव."

शिंप्याने स्टूल धरलं. आई वर चढली आणि तिने पेटीच्या झाकणाखाली बोटं सरकवली. तीस वर्षं इस्त्रीच्या बुडाला ओलं बोट लावून ताप ओळखणारी बाई होती ती. बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"चांगलीच तापलीय."

"हो."

"इस्त्री तापली की तिचा दिवा जातो. निवली की आपोआप लागतो." ती स्वतःशीच बोलत होती. "तसंच आहे का हे?"

"तसंच आहे. रोज सहा वेळा वर-खाली करून तिला तापवायचं. मग डोळे मिटून निवायची वाट बघायची. अर्धवट निवली की थोडी चालते आणि पुन्हा तापून थांबते."

"मग आता पुन्हा निवली, की राहिलेलं वीतभर जाईल." आई स्टुलावरून उतरली आणि भिंत चाचपत बटणापाशी गेली. तिने त्यावर बोट फिरवलं. "ते रोज हे मधे का आणायचे?"

याचं उत्तर कुणाला द्यावं लागलं नाही. शिंपी "अरेच्चा" म्हणाला.

सगळे थांबले. या वेळी बोलायचीही कुणाला आठवण राहिली नाही. डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि शटरकडे आळीपाळीने बघत माणसं बसून होती. एकविसाव्या मिनिटाला मोटार पुन्हा बोलली आणि शटर शेवटची वीत चढून चौकटीला टेकलं. पश्चिमेचं ऊन सगळ्या खोलीत भरलं.

दार उघडलं आणि उजेडबाबा आत आले. ते ऐकतच होते. "पूर्ण उघडलं," दोन्ही हात वर करून ते म्हणाले. "आई, बघा. प्रकाशाने शब्द पाळला. आता डोळे उघडा. पडदा गेलेला आहे."

मावशीने हात जोडले. दारातल्या दोघातिघांनीही जोडले. याच क्षणाची काटेबाईला भीती होती. आई उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. टोचणाऱ्या उजेडात तिने डोळे ताणून उघडे ठेवले, पाणी आलं तरी मिटले नाहीत. मग तिने एक हात बाजूला धरला आणि हळूहळू नाकासमोर आणला.

"इथे आल्यावर दिसतो," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी त्याच्या कितीतरी आधी दिसायचा." तिने दुसऱ्या बाजूने तेच केलं. "खिडकी पूर्ण उघडी आहे, दादा. मला तिचा मधला तुकडा दिसतोय. शटर उघडलं, डोळा उघडला नाही. तुमचा शब्द खोटा ठरला."

"श्रद्धा अपुरी पडली असेल..."

"थेंब टाकायचे मी सोडले. याहून पुरी श्रद्धा कशी असते?"

बाबा जे बोलले ते कुणाच्या कानात शिरलं नाही, कारण शिंपी मोठमोठ्याने काकूच्या नवऱ्याला इस्त्रीचा दिवा समजावून सांगत होता. जिन्यात चपला शोधणाऱ्या बाबांना काटेबाईने गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं मोटार तापते ते."

बाबांनी चप्पल पायात सरकवली. आवाजातला गोडवा गेला होता. "बारा वर्षं मोटारी बांधत होतो ताई. तांब्याची तार गुंडाळून बोटं फुटायची. तेव्हा कुणी पाया पडलं नाही."

"तेव्हा तुमच्या कामाने कुणाची तरी मोटार चालायची. आता काय करताय? तिचे डोळे गेले असते."

"मी त्यांना धरून ठेवलं नव्हतं," बाबा म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. काटेबाईला त्यांच्या मागे धावत जाऊन गचांडी धरावीशी वाटली. पण उद्या सकाळी आठला पोचायचं होतं आणि पिशवी भरायची बाकी होती.

ऑपरेशन झालं. दाब उतरला. महिनाभराने डॉक्टरीणबाईंनी नजरेचे दोन नकाशे शेजारी ठेवले, आधीचा आणि आताचा. आताच्या नकाशात कडेचा काळा भाग चांगलाच आत आला होता. "पुढे वाढणं थांबलंय, हे फार चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण हा एवढा तुकडा मधल्या दिवसांत गेला. तो परत मिळणार नाही." काटेबाई त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिचं काम मोजण्याचं होतं, आणि हे माप तिला कुठेच बसवता येईना. आईला तो नकाशा वाचता आला नाही. तिने मुलीला आपलं बोट धरून त्या तुकड्यावर ठेवायला सांगितलं आणि तुकडा केवढा आहे ते बोटाने बघून घेतलं.

शटरची मोजणी एका सकाळी पहिल्याच खेपेला झाली. आधी तीन वेळा वर-खाली करायची पायरी काटेबाईने गाळून टाकली होती. हेल्पलाइनला तिने तसं कळवलं, तेव्हा तिच्या अभिप्रायाबद्दल तिचे आभार मानण्यात आले.

चमत्कार गेला तरी इमारतीतली कुजबुज काही गेली नाही. "तरी काहीतरी शक्ती होती बाई," काकू म्हणायचीच. आणि एके दिवशी पलीकडच्या रस्त्यावरची एक बाई आईला शोधत वर आली. नवऱ्याच्या छातीत दुखायचं. उजेडबाबा परवा त्यांच्याकडे यायचे होते. पाण्याच्या टाकीचा पंप मधेच बंद पडायचा. बाबा म्हणाले होते, पंप आणि हृदय एकच.

"तुमच्याकडे आले होते ना ते?" तिने विचारलं. "खरंच सांगा, काही होतं का त्यांच्या शब्दात?"

आईने मान तिरकी केली. उरलेल्या नजरेत माणूस आणायचा तर तिला आता तसंच करावं लागायचं.

"बाई, बोलवायचं असेल तर बोलवा," ती म्हणाली. "पण ते डोळे मिटा म्हणाले की मिटू नका. समोर घड्याळ ठेवा. ते करतात ते सगळं एकदा त्यांच्याशिवाय करून बघा आणि काय होतं ते स्वतः मोजा. आणि नवऱ्याला आजच डॉक्टरकडे न्या, परवाची वाट बघू नका. मी एकोणीस दिवस वाट बघितली." तिने आपला हात बाजूला धरला आणि सावकाश समोर आणला. "आत्ता दिसला बघा. इथपासून इथपर्यंतचं सगळं त्या एकोणीस दिवसांत गेलं."